तीन महिन्यांचा शॅमेलिऑन खात नाही, काय करावे?

प्रश्न : पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलाने व्हेल्ड जातीचा तीन महिन्यांचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) विकत आणला आणि सुट्टी संपताच तो आमच्याकडे टिळकवाडीत ठेवून गेला. माशांच्या रिकाम्या काचेच्या टाकीत वाळू, एक फांदी आणि पाण्याची वाटी ठेवली आहे. चार दिवसांपासून तो काही खात नाही, रंग काळपट दिसतो आणि डोळे खोल गेल्यासारखे वाटतात. त्याला दिवसाला किती रातकिडे द्यावेत? आमच्या गावाकडच्या शेतातले नाकतोडे चालतील का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : किती रातकिडे द्यावेत हे पुढे सांगतो, पण आपल्या पत्रातील सर्वांत चिंतेची गोष्ट खोल गेलेले डोळे ही आहे, कारण ते शरीरातील पाणी कमी झाल्याचे लक्षण आहे. या प्राण्याला वाटीतले स्थिर पाणी पाणी म्हणून सहसा ओळखूच येत नाही. तो पानांवरून ओघळणारे थेंब चाटून तहान भागवतो, त्यामुळे भरलेल्या वाटीशेजारी बसूनही तो तहानलेला राहू शकतो. वाटी काढून टाका, सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटे पानांवर बारीक फवारा मारा, आणि दुपारसाठी सलाईनची नवी नळी पाण्याच्या बाटलीला जोडून तिचे चाक असे फिरवून ठेवा की पानावर थेंब-थेंब पडत राहील. महागड्या यंत्राइतकेच काम ही नळी करते, हे मी स्वतः वापरून सांगतो. विष्ठेसोबत पडणारा खडूसारखा भाग पांढरा असेल तर पाणी पुरेसे मिळते आहे. तो नारिंगी असेल तर कमी पडते आहे. मात्र इतक्या लहान पिल्लाने चार दिवस उपाशी राहणे साधे नाही. फवाऱ्यानंतर एका दिवसात ते खाऊ-पिऊ लागले नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे, आणि असा अनुभव आहे की नाही हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्यावे.

आता घराविषयी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, पण या जातीची धाव वरच्या दिशेने असते. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला हा झाडावर राहणारा प्राणी आहे. त्याला लांबीपेक्षा उंची हवी आणि सगळ्या बाजूंनी वारा हवा. काचेच्या टाकीत हवा कोंडते, त्यातून श्वसनाचे आजार होतात, आणि काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसल्यास एकट्याने राहणारा हा प्राणी त्याला प्रतिस्पर्धी समजून सतत तणावात राहतो. साधारण ४० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच असा जाळीचा पिंजरा सध्या पुरेल; पूर्ण वाढल्यावर ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच लागेल. तो जमिनीवर न ठेवता टेबलावर अशा उंचीवर ठेवावा की वरच्या फांदीवर बसलेला प्राणी आपल्या डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहून वर येईल. आत जास्वंदीची कुंडी आणि पायांच्या पकडीत बसतील अशा जाडीच्या आडव्या फांद्या बांधाव्यात. ही जात पानेही कुरतडते, म्हणून जास्वंद नर्सरीतून आणल्यास पाने धुऊन महिनाभर बाहेर ठेवावी, आणि कण्हेरीची फांदी चुकूनही आत जाऊ देऊ नये. वाळू काढून तळ मोकळा ठेवा, नाहीतर भक्ष्यासोबत ती पोटात जाते.

काळपट रंगाचे एक कारण थंडी असू शकते. पावसाळ्यात बेळगावात दिवसाचे तापमानही २५ अंशांच्या आसपास राहते आणि ऊन तर आठवडाभर दिसत नाही. जाळीच्या बाहेरून, वरच्या एका फांदीवर प्रकाश पडेल असा साधा बल्ब लावून त्या जागी २८ ते ३० अंश तापमान राखावे, ते अंदाजाने न ठरवता थर्मामीटरने मोजावे, आणि खालचा भाग थंड राहू द्यावा, म्हणजे तो स्वतः जागा निवडेल. रात्री सर्व दिवे बंद असावेत. वीज दोन तास गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाची आहे ती यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हात असणारे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण देणारा नळीसारखा दिवा. घरातली ट्यूबलाइट तिची जागा घेत नाही. या किरणांशिवाय त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही, वाढत्या वयातली हाडे मऊ पडतात, पाय वाकतात आणि पुढे जीभ फेकण्याची शक्तीही जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी नळी दिवसाला १२ तास लावावी आणि ती उजेड देत असली तरी वर्षाच्या आत बदलावी, कारण न दिसणारे किरण आधी संपतात. काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बंद खिडकीतले ऊन उपयोगाचे नाही. उघडीप मिळाल्यास सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास जाळीच्या पिंजऱ्यासह द्यावे, मात्र आत सावलीही असावी आणि जवळ माणूसही असावा. आपल्याकडचे कावळे आणि मांजरे किती चपळ असतात हे सांगायला नको.

या वयात दिवसातून दोनदा खाऊ घालावे. दहा-पंधरा मिनिटांत तो जेवढे टिपेल तेवढे लहान रातकिडे, म्हणजे दिवसाला साधारण दहा-बारा, पुरतात, आणि कोणताही किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले किडे काढून घ्यावेत, कारण रात्री तेच झोपलेल्या पिल्लाला चावतात. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर, शेवग्याचा पाला, भोपळा असे खाऊ घातले तरच त्यांच्यात सत्त्व असते. उपाशी किडा म्हणजे नुसते टरफल. जवळपास प्रत्येक वेळी किड्यांवर ड जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियमची भुकटी हलकेच भुरभुरावी आणि महिन्यातून दोनदा ड जीवनसत्त्वासह असलेली. घरातल्या माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नयेत, त्यांत बहुधा ड जीवनसत्त्व असते आणि ते रोज दिल्यास अती होते. रेशमाच्या लहान अळ्या मऊ व पाणीदार असल्याने उत्तम, पण त्या जंतुनाशक भुकटी मारलेल्या शेडमधल्या नसाव्यात.

शेतातले नाकतोडे देऊ नका. ऊस असो, भाजी असो वा तंबाखू, फवारणी कोणी केली आणि कधी केली हे आपल्याला ठाऊक नसते, आणि एवढ्याशा देहाला औषधाचा अंशही पुरे होतो. काजवे तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत.

मागच्या पायाच्या टाचेवर छोटा काटा आहे का, तेही पाहावे. तो असल्यास नर, नसल्यास मादी. मादी नराशिवायही अंडी घालते, तेव्हा मोठी झाल्यावर तिला ओलसर मातीचा खोल डबा लागेल. दुकानाची पावती जपून ठेवावी. ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत असल्याने २०२४ च्या नियमांनुसार तिची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते.

प्रश्न : तंबाखूच्या शेताच्या बांधावरील बाभळीवर मुलांना हिरवा घोयरा सापडला. मुले त्याला पाळायचे म्हणतात, शेजारी मात्र तो विषारी असल्याचे सांगून मारायला निघाले. त्याला काय खाऊ घालावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : काहीही नाही; आजच त्याला त्याच बाभळीवर सोडून यावे. घोयरा म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन. कन्नडमध्ये ज्याला गोसुंबे म्हणतात तो हाच प्राणी, आणि तो मुळीच विषारी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, म्हणून त्याला पाळणे आणि मारणे हे दोन्ही गुन्हे आहेत. मुलांना हौस असेल तर पिकाच्या कडेने त्याला माशा टिपताना दुरून पाहू द्यावे, आणि त्याला जखम झालेली दिसल्यास वन खात्याला कळवावे.