जपानला निघण्याआधी

भुसावळ

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला जपानचा तक्ता दोनदा नीट वाचला. मेहनत भरपूर घेतली आहेस. कुठल्या देवळाला किती येन, कुठून कुठे किती मिनिटं, सगळं नोंदवून ठेवलंस. पण चौदा दिवसांत नऊ मुक्काम आहेत आणि सोबत आई-आप्पा आहेत. आप्पांचा गुडघा कसा आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. हा तक्ता बदलावा असं मला मनापासून वाटतं. फोनवर तू "हो काका, बघते" म्हणशील आणि विषय तिथेच राहील, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी इथल्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात चार्टवर रेघा ओढण्यात गेली, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. गाडीचं टाइमटेबल बांधताना दोन स्टेशनांमधला धावण्याचा वेळ धरतातच, पण त्यावर काही मिनिटं मुद्दाम वाढवून ठेवतात. रुळाचं काम निघालं, कुठे वेग कमी करावा लागला, तर तो उशीर त्यात भरून निघतो. आम्ही त्याला रिकव्हरी टाइम म्हणायचो. ती मिनिटं काढून टाकली तर कागदावर गाडी लवकर पोचते, आणि प्रत्यक्षात एका गाडीचा उशीर मागच्या सगळ्यांना भोवतो. तुझ्या तक्त्यात असं मोकळं मिनिट कुठेच नाही. आईंना एखाद्या दिवशी सकाळी बरं वाटलं नाही, तर पुढचे तीन दिवस कोलमडतील.

आधी मुक्कामांचं बघ. जपानमध्ये खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि नवी खोली साधारण दुपारी तीनला मिळते. मधला वेळ बॅगा सांभाळण्यात जातो. म्हणजे दर बदलीला अर्धा दिवस गेला. नऊ मुक्कामांच्या आठ बदल्या, म्हणजे पुरे चार दिवस तू फक्त सामान हलवणार आहेस. मी म्हणतो, तीनच मुक्काम ठेव. विमान जाताना ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरणारं आणि येताना टोकियोहून निघणारं घे, म्हणजे एकच रस्ता दोनदा तुडवावा लागणार नाही. प्रवासाचे दिवस वजा जाता हातात बारा रात्री उरतात. सहा क्योतोला, दोन हिरोशिमाला, चार टोकियोला. नारा क्योतोहून रेल्वेने पाऊण तासावर आहे, ओसाका अर्ध्या तासावर. तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी आपल्याच खोलीवर परत यायचं. एकाच गल्लीत सहा दिवस राहिलं की तिसऱ्या दिवशी दुकानदार ओळखीचं हसतो, आणि आप्पांना एकट्याने चक्कर मारून यायची हिंमत येते. त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे.

रेल्वे पासबद्दल तू विचारलं होतंस. घेऊ नको. सात दिवसांचा पास पूर्वी २९,६५० येनला मिळायचा, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० झाला. टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट चौदा हजार येनच्या आसपास आहे. मी सांगतो त्या बेतात लांबचा प्रवास दोनदाच आहे, त्यात पासाचे पैसे निघतच नाहीत. आणि पैशांपेक्षा मला दुसरी काळजी वाटते. पास हातात आला की माणूस तो वसूल करायला धावतो. तुझ्या तक्त्यातलं कानाझावा आणि नागोया हे दोन्ही मुक्काम मला पासामुळेच आलेले दिसतात. तिथे काय बघायचंय ते तू लिहिलेलंसुद्धा नाहीस.

आता दिवसाचं. तुम्ही दिवाळीनंतर, नोव्हेंबरअखेरीस निघताय. पानं लाल होण्याचा तो काळ आहे, वेळ चांगली निवडलीस. पण तेव्हा क्योतोत पाचच्या आत सूर्य मावळतो, आणि बहुतेक देवळांची दारं साडेचार-पाचला बंद होतात. आपल्याकडे त्या दिवसांत साडेपाच वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे हे लक्षात येत नाही. शिवाय जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराला रात्रीचे अडीच वाटतात. पहिल्याच दिवशी पहाटे पाचला फुशिमी इनारी लिहून ठेवलं आहेस, ते पाचव्या दिवशी ने. ते देऊळ दिवसरात्र उघडं असतं, कुठे पळून जात नाही. आणि डोंगराच्या माथ्यापर्यंत चढायचा हट्ट नको. अर्ध्या वाटेवर योत्सुत्सुजी नावाचा चौक आहे, तिथून खाली क्योतो दिसतं. आप्पांना तेवढं पुरे.

रोज एकच गोष्ट ठरवून ठेव. एक देऊळ, एक संग्रहालय किंवा एक बाग, तीही सकाळी. दुपारी जेवून खोलीवर यायचं आणि आडवं व्हायचं. आई-आप्पा गेली चाळीस वर्षं दुपारी लवंडतात, परदेशात गेल्यावर ते सुटेल असं धरू नको. चारनंतर जे सुचेल ते करा, नाही सुचलं तर जवळच हिंडा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तो वार सामानाची आवराआवर आणि धुण्याला ठेव. कपडे धुवायची नाणी टाकून चालणारी यंत्रं जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत.

तुला वाटत असेल, एवढ्या लांब जायचं, लाखांनी पैसे मोजायचे, आणि दिवसाला एक देऊळ? याचं उत्तर तुला आपल्या घराजवळच मिळेल. निघण्याआधी एकदा आई-आप्पांना अजिंठ्याला घेऊन जा. सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढची बस घ्या, आणि पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभं राहून बघ काय होतं ते. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली दोन-तीन मिनिटं भिंत काळी दिसते. बरेच पर्यटक तेवढ्यातच बाहेर पडतात, त्यांना खाली थांबलेल्या गाडीने लगेच वेरूळ गाठायचं असतं. जो थांबतो त्याला आधी मुकुट दिसू लागतो, मग झुकलेली मान, मग हातातलं निळं कमळ. पाच-सात मिनिटांनी भोवतीची माणसं, माकडं, मोर एकेक करून पुढे येतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, तो कुणालाही वाचवता येत नाही. चित्र सगळ्यांसाठी तेच आहे, पण घाईत निघालेल्याने ते बघितलेलंच नसतं. जपानची एक गोष्ट कमी कर म्हणतो तेव्हा मी उरलेली गोष्ट खरोखर दिसावी म्हणून म्हणतो.

त्या फेरीत आणखी एक काम होईल. आई-आप्पा किती पायऱ्या चढतात, कितीदा बसतात, तासाला किती अंतर जातात, हे तुला कळेल. जपानमध्ये स्टेशनांच्या आतच भरपूर चालावं लागतं. अजिंठ्याला जेवढं झेपलं तेवढंच तिथे एका दिवसाचं माप धर.

आणि अजिंठा बघून गेलात तर नाऱ्याजवळचं होर्यूजी आपलं वाटेल. हे देऊळ इसवी सन ६०७ मध्ये स्थापन झालं. जगातल्या आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती त्याच आवारात आहेत. तिथल्या मुख्य मंदिराच्या भिंतींवरच्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक आपल्या पद्मपाणीशी करत आले आहेत. २६ जानेवारी १९४९ ला आग लागून ती चित्रं होरपळली. आता भिंतींवर दिसतात त्या नंतर काढलेल्या प्रतिकृती आहेत. त्या आगीनंतर पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि दर २६ जानेवारीला तिथे जुन्या देवळांमध्ये आगीपासून बचावाची कवायत होते. आपल्या प्रजासत्ताक दिनाची तीच तारीख, आप्पांना नक्की सांग. नाऱ्यातच तोदाईजीचा महाबुद्ध आहे, पंधरा मीटर उंच. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी केला तो भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. तुझ्या तक्त्यात नाऱ्याला हरणांसकट तीन तास आहेत आणि होर्यूजी नाहीच. नाऱ्याला एक पूर्ण दिवस दे आणि होर्यूजीला दुसऱ्या दिवशीची सकाळ. क्योतोचं एखादं देऊळ गळालं तर गळू दे.

हिरोशिमाबद्दल मात्र मी आग्रह धरणार आहे. सकाळी अणुबॉम्बचं संग्रहालय आणि दुपारी मियाजिमा बेट, असं एका दिवसात तू लिहिलं आहेस. ते वेगळं कर. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला त्या गावाचं काय झालं, ते तिथे लहान मुलांच्या जळक्या कपड्यांतून आणि डब्यांतून समोर येतं. आम्ही दोघं जपानला गेलो होतो तेव्हा तुझी काकू तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ बोललीच नाही, आम्ही नदीकाठच्या बाकावर बसून राहिलो. त्या दिवशी नंतर काहीही ठरवू नको. मियाजिमा दुसऱ्या दिवशी होईल, म्हणून तर तिथे दोन रात्री सांगितल्या.

क्योतोतही एक अख्खी दुपार कामो नदीला दे. देमाचियानागीपाशी दोन नद्या मिळतात, तिथे पाण्यात मोठे दगड टाकलेत, काही कासवाच्या आकाराचे. शाळा सुटली की पोरं त्यावरून उड्या मारत पलीकडे जातात. आम्ही काठावर भाताचे त्रिकोणी गोळे खात बसलो होतो. शेजारच्या कॉलेजच्या मुलाच्या हातातला पाव वरून घारीने झडप घालून उचलला, आणि तो मुलगा, आम्ही, पलीकडची आजीबाई, सगळे एकदम हसलो. मग त्या आजीबाईंनी खुणेने आम्हाला सांगितलं, झाडाखाली सरका. भाषा येत नसताना जपानमधल्या माणसाशी झालेली ती आमची सगळ्यांत लांब गप्पा. तुम्हीही झाडाखालीच बसा.

फुजीसाठी वेगळा दिवस ठेवायची गरज नाही. हिरोशिमाहून टोकियोला बुलेट ट्रेनने जाताना 'ई' अक्षराची सीट घे, त्या बाजूला डोंगर येतो. टोकियोच्या पाऊणएक तास आधीपासून खिडकीबाहेर लक्ष ठेवा. हवा स्वच्छ असेल तर छान दिसतो. ढग असले तर नाही दिसणार. गावी परतल्यावर कुणी विचारलं तर नाही दिसला म्हणायचं, त्यात काही कमीपणा नाही. त्याच गाडीत लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग न्यायची तर तिच्यासाठी आधी जागा राखावी लागते, म्हणून लहान बॅगा घ्या. किंवा हॉटेलातून पुढच्या हॉटेलात बॅग कुरियरने पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. आप्पांना जिन्यावरून बॅग उचलायला लावू नको.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी माणसाची तिथे अडचण होते, कारण साध्या दिसणाऱ्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो. बौद्ध मठांच्या पद्धतीचं शोजिन र्योरी मात्र पूर्ण शाकाहारी असतं, क्योतोत एकदा ते ठरवून जेवा. बाकी दाण्याची चटणी, खाकरे, दशम्या सोबत असू देत. ताजी फळं तपासणीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाहीत, तेव्हा आईंना आत्ताच सांग, केळी घरीच ठेवायची. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या, आणि सर्दीच्या गोळ्या नेण्याआधी त्यातले घटक तपास. स्यूडोएफेड्रिन जास्त असलेल्या गोळ्यांना तिथे बंदी आहे.

व्हिसाच्या अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो. तो भरायचा म्हणून तक्ता फुगवू नको. कुठल्या तारखेला कुठल्या हॉटेलात, आणि त्या दिवशीचं एक ठिकाण, एवढं नीट लिही. नोव्हेंबरात क्योतोच्या खोल्या लवकर भरतात, त्या आजच बघायला लाग, आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच घे. विमान, खोल्या आणि दोन लांब गाड्यांच्या सीट. यापलीकडे आधीपासून काही बांधून ठेवू नको.

दिवाळीला बराच अवकाश आहे. काय घाई शे? आधी अजिंठ्याला जाऊन ये, आप्पा किती पायऱ्या चढले आणि किती वेळ बसले ते मला कळव, मग क्योतोचे सहा दिवस आपण समोरासमोर बसून मांडू. येताना तक्त्याची कोरी प्रत आण. काकू कळण्याची भाकरी आणि भरीत करणार आहे.

तुझा
काका