ठकी परत ओकली

प्रश्न : डॉक्टरताई, आमची मांजर ठकी साडेपाच वर्षांची आहे. पिल्ले न होण्याचे ऑपरेशन झालेले आहे, घराबाहेर जात नाही. गेले सात-आठ महिने ती आठवड्यातून दोन-तीनदा ओकते. कधी खाल्लेले दाणे जसेच्या तसे, कधी पहाटे पिवळे पाणी, मधूनच केसांचा गोळा. ओकून झाले की दहा मिनिटांत पुन्हा वाटीपाशी येऊन ओरडते, त्यामुळे आजारी वाटत नाही. कोणी म्हणाले चिकनची ॲलर्जी असेल, म्हणून माशाचे ड्राय फूड आणले. आठ-दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. नंतर धान्य नसलेले आणले, मग ‘नाजूक पोटासाठी’ असे लिहिलेले, मग ग्रेव्हीचे. सध्या पाचवे चालू आहे. सासूबाई म्हणतात, मांजरं ओकतातच, त्यात काय एवढं. ह्यांचे म्हणणे, रक्त तपासून कशाची ॲलर्जी आहे ते एकदाच कळू दे. सकाळचे बशीभर दूध मात्र कधी बंद केलेले नाही, त्यावरच ती वाढली. काय करावे?

उत्तर : पाच खाणी बदललीत आणि दूध तेच ठेवलंत! तुमचं पत्र वाचताना मी तिथेच थांबले. अहो, बदलायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच होती.

दुधाचं आधी संपवू. दुधातली साखर पचवायला जो पाचकरस लागतो, तो पिल्लाच्या पोटात भरपूर असतो आणि आईचं दूध सुटलं की हळूहळू कमी होत जातो. ठकी त्यावर वाढली असेल, पण आता तिला ते पचेलच असं नाही. याला ॲलर्जी म्हणत नाहीत, हे नुसतं न झेपणं. ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर उठते. दुधाने बहुतेक वेळा पोट बिघडतं, जुलाब होतात, काहींना उलटीही होते. तेव्हा बशी आजच उचला, पण चोर सापडला असं समजू नका. सात-आठ महिन्यांच्या ओकाऱ्यांचा सगळा दोष एकट्या दुधाचा असेल असं मला वाटत नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मांजर माणसापेक्षा सहज ओकतं. अधूनमधून एखादा केसांचा गोळा पडला, कधी घाईघाईने खाऊन लगेच बाहेर काढलं, तर मीसुद्धा फडका घेऊन पुसते आणि कामाला लागते. पण आठवड्यातून दोन-तीनदा, तेही सात-आठ महिने, हा स्वभाव नाही. महिन्यातून एक-दोनदाच्या वर गेलं की मी कारण शोधायला लागते. हा शहाणपणा मला फुकट आलेला नाही. माझा स्वतःचा बोका, पंत, वर्षभर ओकत होता आणि मी, पदवी भिंतीवर टांगलेली, ‘केसांचा गोळा असेल’ म्हणत फरशी पुसत होते. एक दिवस लसीच्या वेळी सहज वजन केलं. पाच किलोचा बोका चार किलो तीनशे ग्रॅमवर आला होता. सत्तर किलोच्या माणसाचं दहाएक किलो वजन उतरावं तसं ते होतं. आतड्याला सूज निघाली. लांब केसांखाली बरगड्या दिसत नाहीत, आणि रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याला तर मुळीच नाही.

म्हणून तुमच्या पत्रात मला जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते म्हणजे ठकीचं वजन. तान्ह्या बाळाचा वजनकाटा मिळाला तर उत्तम. नाहीतर तिला पिशवीत किंवा टोपलीत बसवून ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि टोपलीचं वजन वजा करा. तिला कडेवर घेऊन आपण काट्यावर उभं राहायची युक्ती ढोबळ आहे. दोनशे ग्रॅमचा फरक तिथे सहज लपतो, आणि आपल्याला नेमका तोच पकडायचा आहे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, वहीत तारखेसकट.

त्याच वहीत प्रत्येक ओकारीची नोंद : किती वाजता, खाल्ल्यावर किती वेळाने, काय पडलं. तुम्ही तीन प्रकार लिहिलेत आणि ते तीन वेगळे धागे असू शकतात. अख्खे दाणे खाल्ल्या-खाल्ल्या पडत असतील तर बघा, आधी पोट आत-बाहेर होतं का? ओठ चाटणं, लाळ, मग पोटाचे हिसके, ही खरी उलटी. मान खाली घातली आणि हिसक्याशिवाय नळीच्या आकाराचा ऐवज घरंगळला, तर अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं आणि शोध अन्ननलिकेकडे वळतो. फोनवर एक व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात तुम्ही हातवारे करून सांगाल त्यापेक्षा तो आम्हाला जास्त सांगतो. हावरटपणे खाऊन ओकत असेल तर त्याच मापाचे चार-पाच वाटे करा, किंवा पसरट ताटात दाणे पसरून द्या म्हणजे एकेक वेचावा लागेल. पहाटेचं पिवळं पाणी बऱ्याचदा रिकाम्या पोटी वर आलेलं पित्त असतं. झोपण्यापूर्वी चमचाभर खाणं दिल्याने ते थांबलं तर तेवढा धागा सुटला. आणि केस? मांजर रोजच केस गिळतं, ते शीतून निघून जायला हवेत. सतत गोळे पडत असतील तर एकतर ती जास्त चाटतेय (पिसवा, खाज), नाहीतर आतडं ते पुढे ढकलत नाही. डोक्यावर, मानेवर खपल्या किंवा खाजवल्याच्या खुणा आहेत का, तेही बघून लिहा. खाण्याची ॲलर्जी मांजरात तिथेही उमटते.

आता खाणी. प्रत्येक नवं खाणं आठ-दहा दिवस ‘लागू पडलं’ असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, पडलंच नाही. आठवड्यातून दोनदा ओकणाऱ्या मांजराचा एखादा आठवडा कोरडा जातोच, आणि तो नेमका नव्या पाकिटाच्या वाट्याला आला की आपण खूश. शिवाय खाणं एकदम बदललं की त्यानेच पोट बिघडतं. आणि मुख्य म्हणजे तुम्ही पाकिटाची पुढची बाजू बदललीत, मागची नाही. पुढे मासा असतो, मागे बारीक अक्षरात बघावं तर चिकनची भुकटी, चिकनची चरबी. ‘धान्य नाही’ हा शब्द माणसाला भुलवायला बरा. मांजरांच्या ॲलर्जीत नेहमी सापडणारे गुन्हेगार म्हणजे बीफ, मासे आणि चिकन. धान्याची पाळी फार उशिरा येते. म्हणजे चिकनवरून माशावर जाणं ही सुटका नव्हती.

तुमच्या यजमानांना सांगा, खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताची, लाळेची किंवा केसांची जी तपासणी विकली जाते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. ठणठणीत मांजराचाही निकाल ‘आहे’ असा येतो. त्यांचे पैसे वेगळ्या रक्ततपासणीला लावा : मूत्रपिंड, यकृत, साखर, शक्य असल्यास जीवनसत्त्व बी १२. सोबत शीची जंतांसाठी तपासणी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर पोटाची सोनोग्राफी. खाण्याचा प्रयोग याच्यानंतर. कारण मूत्रपिंडाच्या आजारानेही मांजर ओकतं, आणि आपण बसतो पाकिटं बदलत.

हे सगळं ठीक निघालं तर एकच खाणं निवडायचं. दोन वाटा आहेत. एक, हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं, म्हणजे प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले की शरीराला शत्रू ओळखूच येऊ नये. दोन, ठकीने जन्मात न चाखलेल्या प्राण्याचं मांस. पाच पाकिटांनंतर तिने काय चाखलेलं नाही हे सांगणं अवघड, त्यामुळे मी पहिली वाट धरीन. दुकानातलं ‘मोजक्या घटकांचं’ नको. त्यात दुसऱ्या प्रथिनांची भेसळ सापडते. डॉक्टरांनी लिहून दिलेलंच घ्या. आठवडाभरात जुनं कमी, नवं जास्त असं करत वळवा. आणि मग त्या खाण्याशिवाय पाणी, बस्स. दूध नाही, ताटातला तुकडा नाही, चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. ती डॉक्टरांकडून बिनचवीची मागून घ्या. घरात एक जण चोरून लाड करणारा असतोच. माझा अनुभव असा, की वही त्याच माणसाच्या हाती द्यावी. तुमच्याकडे मी सासूबाईंना नेमलं असतं.

नुसत्या पोटाची तक्रार असेल तर दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. कातडीची असेल तर आठ ते बारा आठवडे धीर धरावा लागतो. तुम्ही दहाव्या दिवशी पाकीट बदलत होता, म्हणजे निकाल लागायच्या आधीच दरवेळी परीक्षा रद्द.

ओकणं थांबलं तर पुढची पायरी कोणाला आवडत नाही : जुनं खाणं परत द्यायचं. तुम्ही म्हणाल, बरं चाललंय ते बिघडवायचं कशाला? कारण त्याशिवाय ते खाण्यामुळेच होतं हे ठरत नाही. ॲलर्जी असेल तर बहुधा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओकारी परत येते. आली की लगेच नव्या खाण्यावर परत. नाही आली तर महागडं खाणं जन्मभर आणायची गरज उरली नाही.

आणि चार आठवड्यांनंतरही तसंच असेल तर? याच जातीचं दुसरं एखादं खाणं वापरून बघतात. त्यानेही भागलं नाही तर आतड्याची सूज किंवा सावकाश वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) यांचा विचार करावा लागतो. दोन्ही बाहेरून इतके सारखे दिसतात की बायोप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय, वेगळे सांगणं कठीण. घाबरवत नाही. दोन्हींवर औषधं आहेत आणि बरीच मांजरं त्यावर चांगली वर्षं काढतात. आमचे पंतही गोळ्या खाऊन पुढे बरीच वर्षं माझ्या खुर्चीत झोपले.

दोन गोष्टी मात्र करू नका. ‘पोटाला आराम’ म्हणून ठकीला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. आणि नुसत्या उकडलेल्या चिकनवर महिनोन्महिने ठेवू नका. एक-दोन दिवस चालेल. पुढे कॅल्शियम कमी पडतं, आणि उकडलेलं पाणी फेकून दिलं तर त्याच्याबरोबर टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्यही जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय ताणून पातळ होतं, हे १९८७ मध्ये उघड झालं आणि त्यानंतर तयार खाण्यांत ते जास्त घालायला लागले.

वही भरेपर्यंत थांबायचं नाही अशाही वेळा असतात. दिवसभरात पुन्हा पुन्हा ओकली, पाणीही टिकेना, रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, चोवीस तास तोंडात काही घेतलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. लिलीचं फूल, पान, परागकण काहीही पोटात गेल्याचा संशय असेल किंवा कोणी माणसाची पॅरासिटामॉल दिली असेल, तर उलटीची वाटसुद्धा बघू नका. दोरा गिळला असेल तर तोंडातून किंवा मागून लोंबणारं टोक ओढू नका. दुसरं टोक जिभेखाली किंवा आत अडकलेलं असतं, आणि ओढलं की आतडं चिरतं.

प्रश्न : आमचा बोका बंड्या तेरा वर्षांचा आहे. पूर्वीपेक्षा दुप्पट खातो, तरी वाळत चालला आहे. मधूनमधून ओकतो, रात्री घरभर ओरडत हिंडतो. सगळे म्हणतात म्हातारपणी उत्साह आला. जंताचे औषध देऊन झाले. खाणे बदलू का?

उत्तर : खाणं राहू द्या, रक्त तपासा. खातो जास्त आणि वाळतो, ओकतो, रात्री चैन नाही, हे सगळं म्हाताऱ्या मांजरात एकत्र दिसलं की माझा पहिला संशय वाढलेल्या थायरॉइडवर. टी४ ही थायरॉइडची तपासणी सांगा, सोबत मूत्रपिंडाचीही, आणि रक्तदाब मोजायला सांगा. मूत्रपिंडाची आठवण मुद्दाम करते. थायरॉइड वाढलेलं असताना मूत्रपिंडाचा बिघाड झाकला जातो आणि गोळ्या सुरू झाल्यावर डोकं वर काढतो, म्हणून उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा. रोजच्या गोळीने बहुतेकांचं भागतं. शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडिन हेही मार्ग आहेत. बाकी हा ‘उत्साह’ जंताच्या औषधाने उतरणारा नाही.

प्रश्न : माझी मांजर जमिनीला चिकटून बसते, मान लांब करते, खूप खाकरते, पण गोळा काही पडत नाही. केसांच्या गोळ्यासाठी पेस्ट दोन महिने देत आहे.

उत्तर : दोन महिने खाकरून एकही गोळा नाही, तर तो गोळा नसावा. कोपरं बाहेर, मान पुढे आणि शेवटी नुसता घोट गिळणं, हा बहुतेक खोकला आहे. मांजरांना दमा होतो. छातीचा एक्स-रे काढून घ्या. दमा ठरला तर लहान मुलांसारखा मुखवटा लावून इन्हेलर देता येतो, आणि मांजरं तो शिकतात. तोवर घरात धूर आणि सुगंधी फवारे बंद, आणि मातीच्या पेटीत धूळ न उडणारी माती घाला. तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागली किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर रात्र असली तरी निघा. पेस्ट कपाटात राहू द्या.