चोवीस भेटी संपल्यावर काय?

“मॅडम, सहा महिने तुम्ही तिला आधाराची सवय लावणार आणि मग दार बंद करणार. कुणी सोडून जाईल ही भीतीच हिच्या आजाराचं मूळ आहे म्हणता, मग हा कुठला उपचार?”

अनघाच्या मावशीनं हे पहिल्याच दिवशी विचारलं. (नाव खरं नाही. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि तिच्या परवानगीनं लिहिते आहे.) बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसॉर्डरचं, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाचे हेलकावे खातात त्या विकाराचं, निदान झालेल्या जवळपास प्रत्येक घरातून समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला येतो. कुणी थेट विचारतं, कुणी फीबद्दल बोलता बोलता.

अनघा सव्वीस वर्षांची. आईवडील वेगळे झाल्यावर मावशीनंच वाढवलेली. सकाळी जी मैत्रीण जीव की प्राण असायची, तिनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही की संध्याकाळी ती वैरीण. दोन नोकऱ्या तिनं भांडणाच्या भरात एका दिवसात सोडल्या होत्या. दंडावर जुने व्रण होते आणि उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची. घरात याला ‘नाटकं’ म्हणत. मला हा शब्द ऐकवत नाही. भाजलेल्या जागेला नुसता वारा लागला तरी आग होते, तसं या माणसांच्या मनाचं असतं.

मी भेटीच्या नोंदीवर आकडा घालते. पहिल्या दिवशी कागदाच्या कोपऱ्यात १/२४ लिहिलं, तर अनघा त्या आकड्याकडेच बघत राहिली. “म्हणजे सोडायची तारीख आधीच ठरलीय,” ती म्हणाली.

“हो, ठरलीय. आणि तिच्याबद्दल आपण दर भेटीत बोलू शकतो,” मी म्हटलं.

ही रीत माझी नाही. लंडनमध्ये अँथनी राइल यांनी कॉग्निटिव्ह ॲनालिटिक थेरपी ही बोलण्यातून उपचाराची पद्धत उभी केली, ती मुळातच मुदतीची. एरवी १६ भेटी, या विकारासाठी सहसा २४. सुरुवातीच्या काही भेटींनंतर समुपदेशकानं समोरच्याला एक पत्र लिहायचं: तुझ्या आयुष्यात काय घडलं, त्यातून जगण्याची कुठली रीत अंगवळणी पडली, आणि तीच रीत आपल्या दोघांमध्येही कशी डोकं वर काढू शकेल. शेवटी दोघांनीही निरोपाचं पत्र लिहायचं. या माणसांच्या आयुष्यातली बहुतेक नाती तुटलेली असतात, कुठलंही नीट संपलेलं नसतं. कुणी न सांगता गेलं, नाहीतर यांनीच आधी दार आपटलं. आधी सांगून, रागासकट, रडण्यासकट, तरीही समोरासमोर बसून संपलेलं एक नातं अनुभवायला मिळणं हा उपचाराचाच भाग आहे. मुदत काढून टाकली तर तो भाग राहूनच जातो.

अनघाच्या पत्रात मी लिहिलं होतं, “कुणी दूर जाईल असं वाटलं की तू आधी त्यांना घट्ट धरतेस, आणि हात सुटतोय असं वाटताच स्वतःच ढकलून देतेस. आपली मुदत जवळ आली की हे माझ्याबाबतीतही होईल. झालं तर आपण त्यावर बोलू.” ते वाचून दाखवताना ती ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “पुन्हा वाचा.”

सतराव्या भेटीला ती आली नाही. रात्री अकरा मेसेज आले. शेवटचा होता, “तुम्हीपण तशाच.”

ती सुरक्षित आहे ना, हे मी आधी फोन करून विचारलं. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही एक कागद तयार केला होता: कापून घ्यावंसं वाटलं तर आधी काय करायचं, मावशीला कुठल्या शब्दांत सांगायचं, आणि कुणीच फोन उचलला नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, जो रात्रीही चालू असतो. त्या रात्री तिनं तो कागद वापरला होता. मला रागाचे मेसेज पाठवत असतानाच ती मावशीच्या खोलीत जाऊन बसली होती.

तरी मी डगमगले. अजून आठ भेटी वाढवू, असं मनात पक्कं केलं. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आम्ही आपलं काम वरिष्ठांसमोर तपासून घेतो त्या बैठकीत, हे सांगितल्यावर माझ्या वरिष्ठांनी विचारलं, “या आठ भेटी तिला हव्यात की तुला?” मला उत्तर देता आलं नाही. तिचा राग सहन होत नव्हता म्हणून मी तारीख पुढे ढकलायला निघाले होते. अठराव्या भेटीत मी तेच पत्र पुन्हा वाचलं. ‘स्वतःच ढकलून देतेस’ या ओळीवर ती म्हणाली, “मागच्या गुरुवारी हेच केलं मी.” कुणी बोट न दाखवता तिनं स्वतःला रंगेहाथ पकडलं होतं. तिथून पुढच्या भेटी सगळ्यांत कठीण गेल्या आणि सगळ्यांत कामाच्या ठरल्या.

मावशींची दुसरी शंका होती, “नेटवर वाचलं, हा आजार आयुष्यभर राहतो.” हे ऐकलं की मला तळमळून सांगावंसं वाटतं. मेरी झानारिनी या संशोधिकेनं १९९२ पासून अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातल्या अशा २९० रुग्णांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत दहापैकी नऊपेक्षा जास्त जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. नोकरी आणि नात्यांची घडी मात्र साधारण निम्म्यांचीच नीट बसली, हेही मी घरच्यांपासून लपवत नाही. कॅनडात २४० जणांवर झालेल्या अभ्यासात डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या दुसऱ्या उपचारपद्धतीचे (यात भावना सावरण्याची कौशल्यं शिकवतात) सहा महिने वर्षभराच्या उपचारापेक्षा कमी पडले नाहीत. पण म्हणून चार-पाच भेटींत उरकणाऱ्यांच्या नादी लागू नका. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी या विकारासाठी तीन महिन्यांहून छोटा उपचार नकोच म्हटलं आहे. आणि व्यसन असेल किंवा जिवाला धोका असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग आमच्या भेटी.

चोविसाव्या भेटीला तिनं वहीचं फाडलेलं पान काढलं. “मला तुमचा राग आलाय. अजून सहा महिने हवे होते. पण मी आज आले.” एवढंच लिहिलं होतं. माझं पत्र लांब होतं. ती ऐकत होती, रडत होती, उठून गेली नाही.

त्यानंतर एक, दोन, तीन आणि सहा महिन्यांनी भेटायचं ठरलं होतं. तिसऱ्या महिन्यात ती वीस मिनिटं उशिरा आली, घाम पुसत. रूममेटशी कडाक्याचं भांडण झालं होतं, रात्रीच बॅग भरली होती. सकाळी उठून तिनं बॅग रिकामी केली आणि दोघींसाठी चहा टाकला. “ती प्यायली का?” मी विचारलं. “अर्धा,” अनघा म्हणाली, आणि सहाव्या महिन्याची तारीख फोनमध्ये टाकू लागली.