१५ लाख घेऊन वाड्यातल्या खोल्या सोडू का?

प्रश्न: कसब्यात, शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आमच्या दोन खोल्या आहेत. आजोबांपासून भाड्याने, आज भाडं महिना १८० रुपये. आई आधीच गेली, वडील फेब्रुवारीत गेले. मी ४६ वर्षांची, अविवाहित, पगार ३८,०००. जन्मापासून इथेच राहते. भाऊ २० वर्षं निगडीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहे. मालक म्हणतात, १५ लाख घ्या आणि खोल्या रिकाम्या करा, नाहीतर बिल्डर तीन वर्षांत इथेच ३५० फुटांचा फ्लॅट देईल. भावाला त्या १५ लाखांतले आणि वडिलांच्या ८ लाखांच्या एफडीतलेही अर्धे हवेत. वहिनी म्हणते, ठरेपर्यंत आमच्याकडे येऊन राहा. बाहेर अशा जागेला १४,००० भाडं पडतं. काय करू?

उत्तर: ताई, निगडीला मुक्काम हलवू नका. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण वहिनींनी मायेने बोलावलं असलं तरी त्यात तुमचा हक्क जाऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय सहा महिने जागा वापरात नसेल, तर मालकाला ती परत मागता येते. चार दिवस विसाव्याला जरूर जा, पण खोल्यांना कुलूप लागून राहू देऊ नका.

आता भावाचं. याच कायद्यानुसार राहत्या घराचा भाडेकरू वारला, की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. असं कोणीच नसेल, तरच बाकीच्या वारसांचा विचार होतो. म्हणजे हा हक्क तुमचा आहे. वडिलांना तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देताही आला नसता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. एफडीचं मात्र तसं नाही. नॉमिनी कोणीही असो, मृत्युपत्र नसेल तर त्यातला अर्धा वाटा भावाचाच. तो काचकूच न करता द्या, आणि त्याच बैठकीत भाडेहक्काबद्दल त्याचं ना-हरकत पत्र लिहून घ्या. तुम्ही एवढी वर्षं वडिलांजवळ राहिलात, त्याचा हिशोब भावाकडे मागू नका. कायद्याने तो आधीच केला आहे.

मालकांना लेखी कळवा की वडील गेले, भाडेकरू म्हणून पावती आता माझ्या नावाने द्या. सोबत मृत्यूचा दाखला आणि जुन्या तारखांचे पुरावे जोडा: रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यांनी भाडं नाकारलं तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा आणि परत आलेलं पाकीट न फोडता जपून ठेवा. १८० रुपयांची थकबाकी हे घर जाण्याचं कारण होता कामा नये.

१५ लाखांचा आकडा मोठा वाटतो, पण तो पूर्ण हातात येत नाही. हा हक्क विकत घेतलेला नसल्यामुळे सगळी रक्कम दीर्घकालीन भांडवली नफा धरली जाते. साडेबारा टक्के कर आणि सेस मिळून, तुमचा पगार धरता, सुमारे १ लाख ९० हजार जातील. उरलेल्या १३ लाख १० हजारांवर सात टक्क्यांनी महिन्याला ७,६५० रुपये सुटतात, आणि भाडं १४,०००. ते दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं, तर व्याजासकट सगळी रक्कम साडेआठ-पावणेनऊ वर्षांत संपते. तेव्हा तुम्ही पंचावन्नच्या आसपास असाल आणि ना घर असेल, ना पैसे.

नवीन घरात पैसे गुंतवले तर कर वाचतो, हे खरं. पण त्यासाठी २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी १४ वर्षांसाठी काढलंत, तर हप्ता २०,४०० च्या घरात जाईल. तुमच्या पगारावर मी ते सुचवणार नाही.

राहिला बिल्डरचा फ्लॅट. तुमचं 'हाकेचं अंतर' नेमकं किती मीटर आहे? शनिवारवाडा हे संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमचा वाडा पहिल्या पट्ट्यात असेल, तर तीन वर्षांत फ्लॅट कुठून येणार? दुसऱ्या पट्ट्यात असेल, तर आधी परवानगीचा कागद पाहा. मग नोंदणीकृत करार हवा: कार्पेट क्षेत्रफळ, मालकी हक्क, बांधकाम होईपर्यंतचं भाडं, आणि मुदत चुकली तर भरपाई. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, भरवशावर राहू नका; ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला नोंदणीची सक्ती नाही आणि पेठेतले वाडे बहुधा त्याच मापाचे असतात.

वाडा धोकादायक झाला तर, ही भीती मला खरी वाटते. भिंतीला फुगवटा, तुळईला तडा दिसत असेल तर पावसाळ्याआधी महापालिकेला पाहणी करायला सांगा. जीव आधी. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. पण पाडण्याआधी तुमच्या खोल्यांची मोजणी नोंदलेली असली पाहिजे.

म्हणून १५ लाखांना माझा नकार आहे. वडिलांनी तुमच्यासाठी ठेवलंय ते दर महिन्याला न द्यावं लागणारं भाडं. त्यातले दहा हजार दरमहा बाजूला टाकलेत आणि सरासरी नऊ टक्के सुटले, तर अठ्ठावन्नव्या वर्षी पंचवीस-सव्वीस लाख होतात. एफडीतले तुमचे चार लाख अडीअडचणीसाठी तसेच ठेवा आणि आरोग्य विमा नसेल तर याच महिन्यात घ्या. उद्या मालकांनी कर्ज न काढता घर घेता येईल एवढी रक्कम लेखी दिली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकेल. तोवर कशावरही सही करू नका. आधी ते मीटर मोजून घ्या.