साकेचं (जपानी तांदळाच्या दारूचं) लेबल बाटलीवरून काढताना

सगळ्यात आधी फोटो काढा, मागच्या लेबलाचासुद्धा. तांदूळ किती टक्के उरेपर्यंत घासला, हे बहुधा तिथेच असतं. ५० किंवा त्याहून कमी असेल तर ती साके बहुधा दाइगिंजो, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची.

मग कोपरा नखाने उचलून बघा. साधा गोंद असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास पुरतो. स्टिकर पाण्याने सुटत नाही. हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोला. फ्रीजमधल्या बाटलीवर उकळतं पाणी कधीच नको, काच तडकते.

वाशी या पारंपरिक जपानी कागदाचे तंतू लांब असतात, त्यामुळे ओला असतानाही तो बऱ्यापैकी टिकतो. पण सोनेरी वर्खावर बोट घासू नका, तो निघतो आणि ब्रशच्या अक्षरांची सगळी शोभा जाते. उरलेला गोंद पुसा, बेकिंग पेपरवर पालथं न ठेवता वाळवा.