पिशवी काढायचीच का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी ४४ वर्षांची, बार्शीजवळच्या गावात राहते. पाळी आजवर नेमाने यायची. दिवाळीपासून मात्र कधी २० दिवसांत येते, कधी दोन महिने येतच नाही. आली की आठ-नऊ दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात. हल्ली जिना चढताना दम लागतो. सासूबाई म्हणतात, पाळी जायच्या वेळी असंच होतं. एका डॉक्टरांनी सोनोग्राफीही न करता पिशवी काढायला सांगितलं. शिवाय गौरी तोंडावर आल्यात. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊ का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. या वयात दर महिन्याला स्त्रीबीज सुटतंच असं नाही. ते सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार होत नाही, पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि मग केव्हातरी एकदम भरपूर जातं. तारखा मागेपुढे होणं म्हणून समजू शकते. पाळीतलं अंतर वाढत गेलं, जाणं कमी होत गेलं, तर खुशाल वयावर ढकला. तुमचं उलटं चाललंय. नऊ दिवस, गाठी आणि वर दम! दम लागतो म्हणजे बहुधा रक्त कमी झालंय. हिमोग्लोबिन १२च्या खाली किती गेलंय ते आधी बघू.

आधी म्हणजे, लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट झाल्यावर. हसू नका, चाळिशीत 'पाळी चुकली ती वयामुळे' असं समजून चौथ्या महिन्यात आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मग थायरॉइड, सोनोग्राफी (फायब्रॉइड म्हणजे पिशवीतली गाठ, किंवा पॉलिप म्हणजे अस्तराचा कोंब, आहे का ते त्यात कळतं), पिशवीच्या तोंडाची तपासणी. पंचेचाळिशीच्या आसपास असं जात असेल तर अस्तराचा छोटा तुकडाही तपासायला पाठवतात. वजन किंवा साखर जास्त असेल तर हे टाळूच नका. कॅन्सर नाही ना, हे त्यावरूनच कळतं.

पिशवीचं म्हणाल, तर तपासणीआधी ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून उठून या. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. ऐन तिशीतल्या बायकांच्याही पिशव्या काढल्या होत्या. सोबत बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. कधी ऑपरेशन लागतंही, नाही म्हणत नाही. पण त्याआधी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हॉर्मोनच्या गोळ्या आहेत, कॉपर-टीसारखं बसवायचं हॉर्मोनचं साधनही आहे. ते पाच वर्षं तरी चालतं आणि पुष्कळ जणींचं ऑपरेशन टळतं.

तोवर कालनिर्णयवर खुणा करा. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं, संपल्यापासून नव्हे. 'महिन्यातून दोनदा येते' म्हणून घाबरून येणाऱ्या कितीतरी जणींची पाळी ३ आणि २९ तारखेला आलेली असते. म्हणजे २६ दिवस, अगदी ठीक. २१ ते ३५ दिवसांत येणारी पाळी नेहमीचीच. तीन महिने आलीच नाही, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर मात्र दाखवायचं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच. आणि तासाला एक पॅड भिजतंय, असं सलग दोन तास चाललं किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

राहिल्या गोळ्या. एरवी मी त्या देते, पण कशामुळे जातंय हे कळल्याशिवाय तुम्हाला नाही देणार. मेडिकलमधून परस्पर आणूही नका. गौरी यंदा जाऊबाईंच्या हातून बसू द्या.