बाप्तिस्मा राहून गेला, मग तारण नाही का?

वाचलं ताई. वडील वर्षभर दर रविवारी फोंड्याच्या चर्चमध्ये शिकायला जात होते, ईस्टरच्या आदल्या रात्रीचा बाप्तिस्मा ठरला होता आणि फेब्रुवारीतच अटॅक येऊन गेले, आता शेजारीण म्हणते डोक्यावर पाणी पडलं नाही म्हणजे स्वर्ग नाही, आणि तुमची बिलिव्हर (कॅथलिक चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथातली) मैत्रीण म्हणते पाण्याचं काय एवढं, विश्वास पुरे. दोघींचं अर्धं-अर्धं बरोबर आहे.

शेजारणीचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही, हे येशूने निकदेमाला सांगितलंय (योहान 3:5), म्हणून कॅथलिक चर्च बाप्तिस्मा आवश्यकच मानतं. माझा धाकटा काका जन्मला तेव्हा निळा पडलेला, वयजिणीने (सुइणीने) तिथेच तांब्यातलं पाणी ओतून "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते" म्हटलं, काका वाचला, आणि फादरनी तोच बाप्तिस्मा धरला, चर्चमध्ये नंतर फक्त उरलेले तेल-मेणबत्तीचे विधी केले. जीव जातोय अशा वेळी हिंदू नर्सनेही दिला तरी चालतो, फक्त चर्च जे करतं तेच करायचा हेतू पाहिजे. (सांजांवला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, कोपेल (फुलांचा मुकुट) घालून बांयत (विहिरीत) उडी मारली की बाप्तिस्मा होत नाही, दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच!)

पण त्याच चर्चच्या कॅटेकिझममध्ये (शिकवणुकीच्या अधिकृत पुस्तकात) 1257 नंबरला लिहिलंय की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलंय खरं, तो स्वतः मात्र आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. आणि 1259 तर थेट तुमच्या वडिलांसारख्यांसाठीच आहे, तयारी चालू असताना जो वारला, त्याची उघड इच्छा, पश्चात्ताप आणि प्रेम हेच त्याच्या तारणाची खात्री. हे काही आजकालचं मवाळ धोरण नाही हां, सन 392 मध्ये रोमन बादशहा दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याआधीच मेला तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज शोकसभेत हेच बोलले, त्याने मागितलं होतं म्हणजे त्याला मिळालं.

मैत्रीण क्रुसावरच्या चोराचा (येशूशेजारी क्रुसावर असलेला, ज्याला येशूने स्वर्गाचं वचन दिलं) दाखला देत असेल, तो बरोबरच आहे, त्याला कुठलं पाणी मिळणार होतं. मार्क 16:16 पण नीट वाचा, दोषी कोण ठरतो तर विश्वास न ठेवणारा, बाप्तिस्मा राहून गेलेला असं तिथे नाही. तरी तिला बायबलातल्या कर्नेल्याची, त्या रोमन सैन्याधिकाऱ्याची, गोष्ट विचारा, त्याच्या घरावर पवित्र आत्मा आधीच उतरला आणि तरीसुद्धा येशूचा शिष्य पेत्र याने त्यांना पाण्याने बाप्तिस्मा घ्यायला लावलाच. म्हणजे हातीपायी धड माणसाने "मनात आहे ना" म्हणून टाळायची ही गोष्ट नव्हे. तुमच्या वडिलांनी कुठे टाळलं, ते तर तारीख घेऊन बसले होते.

वडिलांसाठी मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) मागायला संकोच वाटतो म्हणालात. अंत्यविधीच्या बाबतीत कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा (कलम 1183), अशा शिकणाऱ्याला ख्रिस्ती भाविकांमध्येच धरतो, तेव्हा बिनधास्त पॅरिश ऑफिसात जा, महिन्याच्या मिस्साला वडिलांचं नाव द्या, आणि शेजारणीलाही बोलवा.